दोनदा लागला, दोनदा विझला

कौतिक महाजनांनी केळ्यांची फणी हातातून खाली ठेवलीच नाही. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, चष्मा पुसला, सगळं एका हाताने. दुसऱ्या हातात फणी तशीच.

"आबा, ठेवा ना ती टेबलावर," चुडामण म्हणाला.

"हां हां," ते म्हणाले आणि धरूनच बसले.

पिंप्राळ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत अकबरी पिंजारीचं ऑफिस होतं. एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर नमाजच्या वेळांचं कॅलेंडर. अकबरीने चौदा वर्षं एका विमा कंपनीसाठी अपघातांचे दावे तपासले. खरा कोणता, रचलेला कोणता. मग नोकरी सोडून हेच काम स्वतःच्या नावावर सुरू केलं.

चुडामण सोनवणे म्हणजे एसटीचा रिटायर्ड ड्रायव्हर. तो तिची मोटरसायकल चालवायचा आणि शंका काढायचा. शंका बहुतेक चुकीच्या निघायच्या. पण अकबरीला त्या ऐकायला लागायच्या.

कौतिक आबांच्या शेजारी त्यांची मुलगी बसली होती. हेमांगी. बावीस वर्षांची. डाव्या मनगटाला प्लास्टर.

"बोल बेटा," अकबरी म्हणाली. "तूच सांग. आबांना नको."

हेमांगी विमान चालवायला शिकत होती. पारोळ्याच्या अलीकडे नांदवण फाटा आहे, तिथे 'क्षितिज' नावाची खाजगी विमान शाळा. एक धावपट्टी, एक हँगर, एक छोटा टॉवर. मागच्या रविवारी ती एकटीच दोन तासांच्या उड्डाणावर गेली होती. परत येताना रेडिओ बंद पडला.

"बंद म्हणजे?"

"मेलाच. खरखरसुद्धा नाही. शेवटचं बोलणं सहाला झालं होतं. पंधरा-वीस मिनिटांत येते, असं शकीलभाऊंना सांगितलं. ते टॉवरवर असतात. त्यानंतर काहीच नाही."

"मग काय करतात अशा वेळी?"

"टॉवरच्या समोरून जायचं आणि बघायचं. टॉवरवाला दिव्याने सांगतो. हिरवा लावून धरला की उतर. लाल लावून धरला की उतरू नको, फिरत राहा. मी उत्तरेकडून आले. गेटवरून, धावपट्टीवरून, सरळ टॉवरकडे. हिरवा दिसला. मी लाइट दोनदा मारला. मग डावीकडे वळून गोल फिरले आणि पूर्वेकडून उतरायला आले." ती थांबली. "पट्टीवर ट्रॅक्टर होता."

"दिसला नाही?"

"तोंड मावळतीकडे होतं. समोर सगळं लाल. दिसला तेव्हा उशीर झाला होता. मी खेचलं, पण पंखाचं टोक ट्रॉलीला लागलं. ट्रॉलीत गवतावर वनाभाऊ बसले होते."

वना शाळेत गवत कापायचा, झाडलोट करायचा. आता तो धुळ्याच्या दवाखान्यात होता. मांडीचं हाड मोडलेलं.

"मी भेटायला गेले," हेमांगी म्हणाली. "बेबाबाईंनी तोंड फिरवून घेतलं. त्यांची बायको. माझ्या डब्यातली भाजी त्यांना आवडायची."

कौतिक आबांनी फणी दुसऱ्या हातात घेतली.

"शाळा म्हणते कोणी दिवाच दाखवला नाही," ते म्हणाले. "पोरगी मनानेच उतरली, असं म्हणते. परवा चौकशीचे साहेब येतात. त्यांनी तेच लिहिलं तर तिचं उडणं बंद. कायमचं. वर पोलीस केस वेगळी."

अकबरीने कॅलेंडरकडे पाहिलं. "तू लाइट मारलास तेव्हा किती वाजले होते?"

"सहा-चौदा. घड्याळ बघत होते. सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांत उतरावंच लागतं."

"मगरीब, मावळतीची नमाज, सहा-दहा," अकबरी स्वतःशीच म्हणाली. मग म्हणाली, "विमानं लाइट का मारतात? सगळी कारणं सांग."

"दुसऱ्या विमानाला दिसावं म्हणून. पक्षी बाजूला व्हावेत म्हणून. पण त्यासाठी चालूच ठेवतात, नाहीतर लुकलुकत राहतो. काही जण ओळखीचं कोणी दिसलं की मारतात. ते चुकीचं आहे. आणि मोजून दोनदा म्हणजे उत्तर. तुमचा दिवा दिसला, कळलं. दिवसा पंख हलवतात, अंधार पडला की लाइट."

"आणि तू हिरवा बघितलास."

"बघितला," हेमांगी म्हणाली. आवाज चढला नाही, उतरला नाही.

—

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले. एरंडोलच्या पुढे एक कापसाचा ट्रक रस्ता अडवून चालला होता. चुडामण त्याच्या मागे अडकला. तेवढ्यात समोरून धुळ्याकडून एसटी आली. तिने दोनदा डिपर मारला.

चुडामणने ऐटीत हात वर केला. "बघा आपा. पाच वर्षं झाली रिटायर होऊन, तरी पोरं ओळखतात."

"तुम्हाला नाही मारला. ट्रकला मारला."

"ट्रकने कुठे काय मारलं होतं?"

"मारलं असेल. पुढे बघा, खड्डा आहे."

खड्डा होताच.

'क्षितिज'च्या गेटबाहेर एक मोठा निंब होता. गेटपासून दोन्ही बाजूंना उंच भिंत. आत शिरलं की मोकळं मैदान, मग पूर्व-पश्चिम धावपट्टी. पट्टीच्या पलीकडे दक्षिणेला दोन मजली टॉवर, आणि त्याच्या मागे तारेच्या कुंपणाबाहेर केळी.

कॅप्टन भूषण राजपूत शाळेचे मुख्य शिक्षक. पन्नाशीचे, दाढी चकचकीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांनी चहा मागवला.

"मुलगी हुशार आहे हो," ते म्हणाले. "मीच शिकवलं. पण हौशी. हल्लीची सगळीच पोरं हौशी."

"म्हणजे?"

"आता बघा. रविवारी मी धुळ्याहून येत होतो. गेटबाहेर गाडी पंक्चर झाली, त्या निंबाखाली. ही उत्तरेकडून आली, माझ्या डोक्यावरून गेली. धावपट्टी ओलांडताना दोनदा लाइट मारला. मोजून दोनदा, मी स्वतः पाहिलं. पलीकडे केळीत बायका काम करत होत्या, त्यांना सलाम. नंतर वळली, आणि ना रेडिओ, ना परवानगी, उतरली."

"हे लेखी दिलंय?"

"सहीनिशी. कॉपी घेऊन जा."

"ती म्हणते ते दिव्याला उत्तर होतं."

"दिवा दाखवला कोणी?" कॅप्टन हळूच हसले. "टॉवरवर शकील होता. त्याने लिहून दिलंय, दाखवला नाही. आता तिला काहीतरी म्हणावं लागणार. मी तिला दोष देत नाही. घाबरली आहे."

"तुम्ही पट्टीवर कधी पोचलात?"

"मी चाक बदलत होतो. धाडकन आवाज आला, तसाच धावत सुटलो."

चुडामणला कॅप्टन आवडले. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "माणूस साफ आहे आपा. पोरीबद्दल वाईट एक शब्द नाही बोलला."

"नाही बोलला," अकबरी म्हणाली.

टॉवरला एकच लोखंडी जिना होता, मागच्या बाजूने. वर रेडिओ, एक खुर्ची, एक रजिस्टर. पुढच्या खिडकीतून पट्टी आणि लांबवर निंबाचा शेंडा दिसत होता. मागच्या खिडकीतून केळी, आणि जिन्यापासून वीस-पंचवीस पावलांवर कुंपणाजवळ एक नळ.

शकील मणियार पस्तिशीचा. बोलताना तो रजिस्टरचा कोपरा दुमडत होता.

"मी वरच होतो," त्याने विचारायच्या आधीच सांगितलं.

"विमान समोरून आलं ते दिसलं?"

"दिसलं. रेडिओवर हाका मारल्या. उत्तर नाही."

"मग दिवा का नाही दाखवला?"

"वेळच नाही मिळाला, आपा."

"गोल फिरून उतरायला चार मिनिटं लागली तिला."

शकीलने कोपरा उलटा दुमडला.

भिंतीवर खिळ्याला तो दिवा लटकत होता. मोठ्या टॉर्चसारखा, खाली पिस्तुलासारखी मूठ. अकबरीने तो हातात घेतला. जड होता.

"हा कोणाकोणाला चालवता येतो?"

"मला. आणि कॅप्टनसाहेबांना. शिकणाऱ्यांना नुसता दाखवतो, हातात देत नाही."

"रविवारी इथे अजून कोण कोण होतं?"

"सुट्टी होती. मी, ट्रॅक्टरवाला मगन, वनाभाऊ. साहेब नंतर आले, आवाज झाल्यावर."

अकबरीने दिवा परत खिळ्याला लावला. "शकीलभाऊ, घरी कोण कोण आहे?"

"अम्मी, बायको, दोन मुली." तो पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलला. "नोकरी गेली तर..."

वाक्य त्याने पूर्ण केलं नाही. अकबरीनेही करायला लावलं नाही.

मगन हँगरच्या सावलीत ट्रॅक्टरचं चाक धूत होता. ट्रॉलीची एक बाजू आत दबलेली. तो वर न बघता बोलत होता.

"साहेबांनी दुपारीच फोनवर सांगितलं होतं. सहापर्यंत सगळी विमानं येतील, मग कापलेलं गवत उचलून घ्या. मला काय माहीत एक बाकी आहे? वनाला मीच म्हटलं, बस वर. चालत कशाला येतो."

"विमान आलं तेव्हा तू कुठे होतास?"

"पट्टीच्या अलीकडे, गेटच्या बाजूला. गवत भरत होतो. डोक्यावरून गेलं. मी मान वर करून पाहिलं टॉवरपर्यंत. मला वाटलं निघालं कुठेतरी पुढे. म्हणून ट्रॅक्टर काढला."

"तिने लाइट मारला का?"

"काही मारला नाही."

"नक्की?"

"आई शपथ. बंद होता लाइट. एकदाही लागला नाही."

चुडामणने अकबरीकडे अर्थपूर्ण पाहिलं.

"कॅप्टनसाहेब निंबाखाली होते का तेव्हा?"

"मधी भिंत शे ना आपा. बाहेरचं काय दिसणार?"

कुंपणाला वळसा घालून ते केळीत गेले. इंदिराबाई नळीचं तोंड चिखलातून मोकळं करत होत्या. साठीच्या. पदर कमरेला खोचलेला. विमानाचं नाव काढताच त्या सरळ उभ्या राहिल्या.

"दखं ना! मी तवय केळीस्ले पाणी दी राहिंती. इमान समोरून उनं, टावरकडे. लाइट लागना, इझना. परत लागना, इझना. मी म्हनं, बिघडनं वाटतं."

"किती वेळा, अक्का?"

"दोन डाव. मी काय आंधळी शे का?"

"तेव्हा टॉवरवर कोण होतं?"

"वर कोन व्हतं ते माले काय ठाऊक. काच चमकस, दिसत नही. खाले तो शकीलभाऊ व्हता ना, नळवर. पाय धोई राहिंता. टोपी घालेल."

"इमानाचा लाइट लागला तेव्हा?"

"तवयच. त्यानी इमानकडे दखं बी नही. भला मानूस शे. माले रोज राम राम करस."

अकबरीने त्यांचे आभार मानले. इंदिराबाईंनी चुडामणला दोन केळी दिली आणि एवढा बारीक कसा झालास म्हणून झापलं. दोघांची ओळख नव्हती.

रस्त्याने चुडामण केळं सोलत म्हणाला, "चला, उलगडलं."

"सांगा."

"मगन खोटारडा. कॅप्टन म्हणतात दोनदा लाइट. इंदिराबाई म्हणतात दोनदा. पोरगी स्वतः म्हणते दोनदा. हा एकटाच म्हणतो नाही. का? कारण लाइट बघूनही त्याने ट्रॅक्टर पट्टीवर नेला. त्याची चूक झाकतोय."

"आणि शकील?"

"पाय धुवायला खाली आला असेल दोन मिनिटं. उकाडा किती आहे."

"सहा-चौदाला," अकबरी म्हणाली. "टोपी घालून."

चुडामण केळं खाता खाता थांबला. "म्हणजे नमाज?"

"वजू. नमाजच्या आधी हातपाय धुतात ना, ते. म्हणजे तो वर नव्हता. दिवाही त्याने दाखवला नाही. तेवढं खरं लिहिलंय त्याने."

"मग दिवा कोणीच दाखवला नाही! पोरगीच—"

"भाऊ, कौतिक आबांना फोन लावा. म्हणावं संध्याकाळी सहाच्या आत इथे या, हेमांगीला घेऊन. आणि तुमचा डिपर चालतो का ते बघा."

"मी चालवतो त्या गाडीच्या डिपरवर शंका घेताय आपा? एसटीत बत्तीस वर्षं—"

"बघा तरी."

—

संध्याकाळी गेटबाहेर निंबाखाली सगळे उभे होते. कौतिक आबा, हेमांगी, मगन, कॅप्टन. शकील टॉवरवर होता, अकबरीने त्याला तिथेच थांबायला सांगितलं होतं. आकाश अजून उजळ होतं.

"मॅडम, मला उद्याचे कागद तयार करायचे आहेत," कॅप्टन म्हणाले.

"पाच मिनिटं. उद्या साहेब जागा विचारतील, म्हणून आधीच बघून घेते. तुमची गाडी इथेच होती?"

"इथेच. याच सावलीत."

"आणि विमान डोक्यावरून असं, सरळ टॉवरकडे गेलं."

"हो."

"चुडामणभाऊ, गाडी काढा. इथून सरळ टॉवरकडे जा. मध्ये पट्टीवर पोचलात की डिपर मारा. किती वेळा ते तुम्हीच ठरवा, मला सांगू नका. कॅप्टनसाहेब, तुम्ही मोजा."

चुडामण गेला. मोटरसायकल लहान होत गेली, पट्टीवर चढली, उतरली, टॉवरखाली थांबली.

"किती?" अकबरीने विचारलं.

"काय किती?"

"डिपर किती वेळा मारला?"

"इथून कसं दिसेल हो?" कॅप्टन वैतागून म्हणाले. "पाठ होती त्याची आपल्याकडे. लाइट पुढे अस—"

ते थांबले.

निंबाची दोन पानं मगनच्या डोक्यावर पडली. त्याने ती काढली नाहीत.

अकबरीने फोन स्पीकरवर लावला. "शकीलभाऊ, तुम्हाला किती दिसले?"

"पाच, आपा."

"पाच?" कौतिक आबा म्हणाले.

"चुडामणभाऊंना थांबता येत नाही," अकबरी म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ती हेमांगीकडे वळली. "विमानाचा लाइट कुठे बघतो?"

"सरळ पुढे. लँडिंग लाइट तसाच असतो. मागून दिसतच नाही."

"रविवारचं बघा आता," अकबरी म्हणाली. "विमान उत्तरेकडून आलं, गेटवरून गेलं, टॉवरकडे तोंड करून. पट्टी ओलांडताना लाइट लागला. तो कोणाला दिसेल? जो समोर आहे त्याला. इंदिराबाई टॉवरच्या मागे केळीत होत्या, समोर. त्यांना दिसला. मगन गेटच्या बाजूला होता, विमानाच्या मागे. त्याला नाही दिसला. दोघंही खरंच बोलत होते. भांडण नव्हतंच त्यांच्यात."

मगनने नाकाने जोरात श्वास सोडला.

"तुम्ही म्हणता तुम्ही इथे होतात. मगनच्याही मागे. आणि मोजून दोनदा पाहिलं. इथून मोजता येत नाही, ते आत्ता तुम्हीच सांगितलंत."

"मी ऐकलं असेल कोणाकडून," कॅप्टन म्हणाले.

"सहीच्या कागदावर 'मी स्वतः पाहिलं' आहे. आणि खरंच पाहिलं असणार, हाच माझा मुद्दा आहे. खोटं बोलताना माणूस स्वतःची जागा बदलतो, पण डोळे तिथेच राहतात. तुम्ही समोर होतात."

चुडामण परत आला होता, गाडी बंद न करताच ऐकत होता. अकबरीने हात केला तशी बंद केली.

"आता दोनदाच का? पक्ष्यांसाठी असता तर लाइट लुकलुकत राहिला असता. दुसरं विमान आकाशात नव्हतं. बायकांना सलाम म्हणावा, तर हिचं गाव चोपडा, इथल्या केळीत ओळखीचं कोण? रेडिओ मेलेला, अंधार पडतोय, उतरायला सोळा मिनिटं उरलेली, आणि ही सलाम करेल? ते उत्तर होतं. उत्तर आहे म्हणजे आधी कोणीतरी विचारलं होतं. टॉवरच्या खिडकीत कोणीतरी दिवा धरून उभं होतं."

"शकील होता टॉवरवर."

"शकील खाली नळावर वजू करत होता. इंदिराबाईंनी पाहिलं. मगन आणि वना पट्टीच्या या बाजूला. रविवार, बाकी कोणी नाही. आणि हा दिवा दोघांनाच चालवता येतो. एक नळावर होता."

धावपट्टीवरून शकील चालत येत होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो आला आणि हेमांगीसमोर उभा राहिला.

"मी खाली होतो," तो म्हणाला. "हँडसेट खिशात होता. तुझा आवाज आला असता तर धावत वर गेलो असतो. पाणी चालू, केळीत पंप चालू, जिन्याकडे पाठ. मला वाटलं तू अजून लांब आहेस. आवाज झाला तसा आधी पट्टीवर धावलो, मग वर गेलो. दिवा खिळ्याला होता, पण काच गरम होती. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी कुठे होतो हेही सांगावं लागलं असतं."

हेमांगीने मान हलवली फक्त.

कॅप्टननी निंबाला हात टेकवला. शर्टाला खोडाची साल लागली ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

"मी साडेपाचलाच आलो होतो," ते म्हणाले. "गाडी भिंतीच्या मागे लावली होती. शकील नमाजला खाली जातो ते मला माहीत आहे, मीच चालवून घेत होतो. वर गेलो. ही समोरून येताना दिसली, रेडिओ नाही. तेव्हा आठवलं, ही अजून बाहेर होती. मगनला गवत उचलायला सांगताना मी हिला विसरलो होतो. तरी पट्टी मोकळी होती तेव्हा. हिरवा दाखवला. हिने उत्तर दिलं. सगळं नीट."

"मग ट्रॅक्टर चढला," अकबरी म्हणाली.

"मग ट्रॅक्टर चढला. ही शेवटच्या वळणावर होती. मी लाल दाखवला. लावून धरला. दोनदा दाखवला."

"मला नाही दिसला," हेमांगी पटकन म्हणाली. "सर, खरंच नाही दिसला. मी पट्टीकडे बघत होते."

"माहीत आहे."

"कसं माहीत?" हे चुडामणने विचारलं.

कॅप्टन त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तिने लाइट मारला नाही."

"म्हणजे चार दिवस तुम्हाला ठाऊक होतं," कौतिक आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग कमी होता, आश्चर्य जास्त. "तिने लाल बघून मोडला नाही. तिला दिसलाच नाही. तुम्हाला पक्कं ठाऊक होतं."

कॅप्टननी खोडावरून हात काढला. थोड्या वेळाने ते ऑफिसात गेले आणि दुसरा कागद लिहायला बसले. अकबरी दाराशी उभी होती. दीड पान झालं. खाली सही, वेळ सहा-एकेचाळीस.

परत निघताना कौतिक आबांनी सोबतच्या पिशवीतून फणी काढली. कालचीच होती, काळी ठिपकेदार झालेली. त्यांनी ती मगनच्या ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवली.

"उद्या दवाखान्यात जाशील ना? वनाला दे. बेबाबाईला सांग, पोरगी परत येणार आहे भेटायला."

—

पुढे काय झालं ते थोडक्यात. हेमांगीवरचा ठपका निघाला. कॅप्टनचं शिकवणं बंद झालं. शकीलला ताकीद मिळाली आणि शाळेने संध्याकाळसाठी टॉवरवर दुसरा माणूस ठेवला, जो आधीच ठेवायला हवा होता. वना काठी घेऊन चालायला लागला.

जानेवारीत अकबरी आणि चुडामण दुसऱ्या एका कामासाठी धुळ्याला गेले. येताना नांदवण फाट्यावर चहाला थांबले. ऊन उतरलं होतं. शाळेच्या बाजूने एक पांढरं विमान वर आलं आणि वळून सरळ त्यांच्या दिशेने यायला लागलं.

चहावाला म्हणाला, "महाजनांची पोरगी. रोज याच वेळी जाते."

चुडामण उठला. रुमाल काढला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून दोन्ही हातांनी हलवायला लागला. विमान खाली होतं, आतली मान या बाजूला वळलेली दिसलीसुद्धा. मग ते त्यांच्या डोक्यावरून गेलं. लाइट लागला नाही. पंख हलला नाही.

चुडामणने रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"बघितलं ना तिने?" तो म्हणाला. "एकदा मारला असता तर काय बिघडलं असतं? आपण एवढं केलं तिच्यासाठी."

"मारला असता," अकबरी चहा संपवत म्हणाली, "तर कॅप्टनचं ते सलामाचं म्हणणं खरं ठरलं असतं."

चुडामणने विचार केला. बराच केला.

"हां," तो म्हणाला, आणि गाडीला किक मारली.